दिव्यांग मूल चौकीत गेले तर



आज आम्ही पोलीस चौकीविषयी बोलणार आहोत. चौकीचे नाव काढले की माणूस दाराआड होतो. आपल्या घरचे कुणी तिथे जाणार नाही, असे प्रत्येकाला वाटते. तसेच होवो. पण पोर कधी कशात सापडेल, सांगता येत नाही. त्यातून ते पोर बहिरे असेल, किंवा बुद्धीने मागे असेल, तर त्याची पंचाईत फार मोठी होते. अशा मुलांना आता कायद्यात दिव्यांग म्हणतात.

बाजाराचा दिवस धरा. गर्दीत कुणाचे तरी पाकीट जाते. ओरडा होतो. चारपाच पोरे पळतात. सगळे पळाले म्हणून एक सोळा वर्षांचा बहिरा मुलगाही पळतो. पोलीस मागून ओरडतो, "थांब!" त्याला ऐकूच येत नाही. लोक म्हणतात, बघा कसा निगरगट्ट आहे. धरल्यावर विचारतात, "नाव काय? गाव कुठलं?" तो गप्प. मग म्हणतात, सोंग करतोय.

दुसरा मुलगा ऐकतो, बोलतो. पण वय पंधरा आणि समज सहासात वर्षांच्या पोराची. अशी मुले आमच्या शाळेत होती. एकदा वर्गातली काच फुटली. त्यांतल्या एकाला आम्ही विचारले, "काच तू फोडलीस का?" तो म्हणाला, "हो गुरुजी." शेजारचा पोरगा दाखवून विचारले, "की यानं फोडली?" तरी "हो गुरुजी." मग विचारले, "की मीच फोडली?" तो हसून म्हणाला, "हो गुरुजी." मोठ्या माणसाला नाही म्हणू नये, एवढेच त्याला घरी शिकवलेले होते. असा मुलगा चौकीत बसला आणि कुणी दरडावून विचारले, "तूच घेतलंस ना?" तर तो काय म्हणेल, तुम्हीच सांगा.

आपल्या मुंबई इलाख्यात मुलांसाठी निराळा कायदा १९२४ सालीच झाला होता. तरीही पुढे कितीतरी वर्षे देशात मुले तुरुंगात पडत होती. शीला बारसे नावाच्या पत्रकार बाईंनी हे सर्वोच्च न्यायालयापुढे नेले. १९८६ साली न्यायालयाने खेदाने नमूद केले की, निरनिराळ्या तुरुंगांत अंगाने आणि बुद्धीने अधू असलेली मुलेसुद्धा ठेवलेली आहेत. का? तर म्हणे सुरक्षित राहावीत म्हणून! तुरुंगात कसली आली सुरक्षितता?

आता २०१५ सालचा बाल न्याय कायदा आहे. तो नीट ऐका. अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावेच लागते. या मंडळावर एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजसेवक असतात. त्या दोघांत निदान एक बाई असते. २०१६ च्या नियमांत आणखीही सांगितले आहे. मुलाला बेडी घालायची नाही. गुन्हा कबूल कर म्हणून जबरदस्ती करायची नाही. त्याच्याशी बोलताना आईबाप किंवा पालक हजर राहू शकतात. आणि गरज असेल तर त्याला दुभाषी किंवा विशेष शिक्षक द्यायचा. विशेष शिक्षक म्हणजे बहिऱ्या किंवा मंद बुद्धीच्या मुलांना शिकवणारा शिक्षक.

कायदा चांगला आहे. पण पोलिसाला कसे कळावे की मूल बहिरे आहे? बहिरेपण तोंडावर लिहिलेले नसते. ते सांगायला घरचे माणूस लागते. म्हणून निरोप आला की आई किंवा बाप, कुणीतरी लगेच निघा. आई गेली तर फार बरे. त्या मुलाच्या घरच्या खुणा तिलाच कळतात. भीती वाटत असेल तर शाळेच्या गुरुजींना किंवा सरपंचांना बरोबर घ्या. तिथे स्पष्ट सांगा, "साहेब, याला ऐकू येत नाही. खुणांची भाषा जाणणारा माणूस बोलवा." किंवा म्हणा, "हा विचाराल त्याला हो म्हणतो. त्याच्या हो वर जाऊ नका." हे एक वाक्य वेळेवर सांगितले तर पोराचे आयुष्य वाचते.

जाताना शाळेचा जन्मतारखेचा दाखला घ्या. तो नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्माचा दाखला चालतो. दिव्यांग असल्याचे प्रमाणपत्र घ्या. मुलाला फिट येत असतील तर गोळ्या विसरू नका. चष्मा, कानातले यंत्रही न्या. गोळी एक दिवस चुकली तर काय होते, ते फिटवाल्या मुलाच्या आईला विचारा.

वकिलाला पैसे कुठून आणायचे, ही चिंता नको. १९८७ च्या कायद्याप्रमाणे मुलाला आणि दिव्यांगाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्न किती, हे पाहत नाहीत. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज करा. फोन करायचा तर १५१००. मुलांच्या मदतीसाठी दुसरा नंबर आहे, १०९८.

एक गोष्ट बोलायला कठीण जाते, पण बोलतो. काही बाप म्हणतात, "ते वेडसर आहे, राहू दे तिथंच. निदान जेवण तरी मिळेल." असे करू नका. मंडळ मुलाला बहुधा जामिनावर सोडते. पण न्यायला कुणी आलेच नाही तर मूल निरीक्षणगृहात अडकते. तिथे घंटा झाली, बहिऱ्याला ऐकू आली नाही, की तो उद्धट ठरतो. मंद मुलाकडून इतर पोरे आपली कामे करून घेतात. घरी त्याला जे येत होते तेही तो विसरतो.

पुढे परिवीक्षा अधिकारी गावात चौकशीला येतात. मुलगा कसा आहे, घर कसे आहे, हे लिहून ते मंडळाला देतात. त्यांना पाहून दारे लावू नका. शेजाऱ्यांनी खरे ते सांगावे. मुलगा गुरे नीट राखतो, पाणी भरतो, पण पैसे मोजता येत नाहीत, हेही सांगावे.

कुणी विचारील, ज्याचे पाकीट गेले त्याचे काय? रास्त प्रश्न आहे. चोरी खरीच झाली असेल तर मंडळ समज देते, समाजसेवेचे काम देते, देखरेखीखाली ठेवते. जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात पाठवते. पण आपले काय चुकले, हे त्या मुलाला त्याच्या रीतीने कळले पाहिजे. खुणेने, चित्राने, दहादा सांगून. न कळलेली शिक्षा म्हणजे नुसता मार.

आणि हो, अशा मुलाचा फोटो किंवा नाव मोबाईलवरून फिरवू नका. कायद्याने त्याची ओळख उघड करणे गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे.

ज्यांच्या मुलांचे दिव्यांग प्रमाणपत्र अजून काढलेले नाही, त्यांनी आता थांबावे. अर्ज संगणकावर भरावा लागतो. आधार कार्ड आणि मुलाचा फोटो आणला असेल तर आजच भरून टाकू.