बिनतेलाचा स्वयंपाक आणि आपला समाज

(पिंप्राळा, जळगाव येथे उपासक-उपासिका व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



धम्माच्या व्यासपीठावर भाजी-भाकरीचे काय काम, असे कुणाला वाटेल. पण आपल्या चळवळीत अन्नाचा प्रश्न पहिल्यापासून आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस आणि उष्टे तुकडे सोडण्यास समाजाला सांगितले. ताटात काय येते आणि कोणत्या वाटेने येते, याच्याशी माणसाचा स्वाभिमान बांधलेला असतो, हे त्यांनी ओळखले होते.

म्हणूनच बिनतेलाच्या स्वयंपाकाविषयी आम्ही जपून बोलतो. आपल्या आजी-पणजींनी तेलाशिवाय रांधले, ते घरात तेल नव्हते म्हणून. ज्याला फोडणी परवडत नव्हती, त्याच्या लेकराला रश्श्यावरची तर्री हे सुखाचे लक्षण वाटले, तर त्यात नवल कसले? गरिबीचे गोडवे गाण्यासाठी आम्ही उभे नाही. मात्र आज तेल घरात असताना ते किती घालायचे, हे ठरवण्याचा अधिकार आपल्या हाती आला आहे. तो विचारपूर्वक वापरावा, एवढेच म्हणणे आहे.

हिशेब साधा आहे. एक ग्रॅम तेलात सुमारे ९ कॅलरी असतात, तर पिठातल्या एक ग्रॅम पिष्टात ४. शेतात राबणारे शरीर हे जिरवत होते. खुर्चीवर बसणारे शरीर साठवते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आता वस्त्यावस्त्यांत पोहोचले आहेत. शिवाय वडे-भजी तळलेले तेल पुन्हा पुन्हा तापवणे घातक असते.

आता कृती ऐका. आपल्या खानदेशात ती शोधायला दूर जावे लागत नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजून सोलावी. हिरव्या मिरच्या व लसूण तव्यावर कोरडेच भाजून बडगीत ठेचावे. त्यात वांगी, चिरलेली कांद्याची पात, कोथिंबीर, मीठ आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे घालून पुन्हा ठेचावे. वरून फोडणी नको. जाळाचा वासच पुरेसा असतो.

सोबत कळण्याची भाकरी असावी. तीन-चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालीसकट उडीद व थोडे मीठ घालून दळावे. ज्वारी आणि उडीद एकत्र आल्याने प्रथिनांची प्रत सुधारते. अंबाडीची भाजी उकडून, पिळून, तूरडाळ व ज्वारीच्या कण्यांबरोबर शिजवावी. रश्शासाठी कांदा तव्यावर मंद आचेवर परतावा. चिकटू लागला की चमचाभर पाणी शिंपडावे. जिरे, तीळ, खोबरे कोरडे भाजून वाटले की रस्सा दाट होतो.

काही पथ्येही सांगतो. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेलच असते, तेव्हा मूठ म्हणजे मूठच. पण स्निग्धांश अगदी बंदही करू नये. पालेभाज्यांतील काही जीवनसत्त्वे त्याशिवाय अंगी लागत नाहीत. लहान मुले, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता यांना त्याची गरज अधिक असते. दूध, अंडी, मांस सारेच सोडणाऱ्याने बी-१२ जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारावे. चालू औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत.

पहिले शील प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे आहे. तरीही कुणाच्या ताटाकडे बोट दाखवण्याचा आमचा हेतू नाही. भिक्खू भिक्षापात्रात जे पडे ते स्वीकारीत, हाही आपलाच इतिहास आहे.

शेवटची गोष्ट वाटून घेण्याची. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या ग्रंथात मराठवाड्यातील दलितांची खाद्यसंस्कृती नोंदवली. खानदेशातील आपल्या घराघरांतली कृती अजून म्हाताऱ्या माणसांच्या हातातच आहे. विद्यार्थ्यांनो, वही घ्या, आजीजवळ बसा. प्रमाण, सरपण, भांडे, शब्द, सारे तिच्या बोलीत लिहा. ती कृती तिला कधी व का करावी लागली, तेही लिहा. आणि पुढच्या पौर्णिमेला विहारात एक पदार्थ बिनतेलाचा करून सर्वांनी एका पंगतीत खावा. ज्या अन्नाची आपल्याला लाज वाटायला लावली गेली, ते मान ताठ ठेवून वाढण्यात मोठे समाधान आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!