पोलादाचे नाव पुरे लिहा
(पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



जालनेकरांना पोलादाची ओळख करून द्यावी लागत नाही. भंगार वितळवून सळया तयार करणाऱ्या मिल आपल्या औद्योगिक वसाहतीत आहेत आणि कित्येक घरांची चूल त्यांच्यावर चालते. आज मी पोलादाच्याच, पण भट्टीजवळ उभे न राहता करावयाच्या एका कामाविषयी बोलणार आहे. शेड, पूल, कारखाना यांच्या सांगाड्याचा एकेक भाग संगणकावर रेखाटण्याचे हे काम. त्याला डिटेलिंग म्हणतात. आयटीआय किंवा डिप्लोमा केलेल्या मुलामुलींना ते शिकता येते.

टेक्ला स्ट्रक्चर्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्लेट काढताना एका रकान्यात माप भरतात आणि दुसऱ्यात पोलादाची प्रत. माप चुकले तर पडद्यावर आकार बिघडलेला दिसतो. प्रत चुकली तर काहीच दिसत नाही. खरी मेख इथेच आहे.

एक उदाहरण घ्या. प्लेट १२ मिलिमीटर जाड, ३०० रुंद आणि एक मीटर लांब आहे. तिचे वजन २८.२६ किलो. प्रत ई २५० असो वा ई ३५०, वजन तेच. कारण दोन्हींची घनता एकच, घनमीटरला ७८५० किलो. मात्र सुरक्षिततेची वजावट न धरता पहिली सुमारे ९२ टन ओढीला कायमची ताणू लागते, तर दुसरी सुमारे १२८ टनांना. यादीतील वजन तपासून ही चूक कधीच सापडणार नाही.

आता नावांचा अर्थ पाहू. प्लेटसाठी आपले मानक आयएस २०६२ आहे. त्याच्या २०११ च्या आवृत्तीत ई २५० म्हणजे २० मिलिमीटरपेक्षा कमी जाडीत चौरस मिलिमीटरला किमान २५० न्यूटनची ताणमर्यादा. पुढचे अक्षरही महत्त्वाचे: 'ए'ला आघात-चाचणी नाही, 'बी-झिरो'ला ती शून्य अंशावर, तर 'सी'ला उणे वीस अंशांवर करतात.

सळयांच्या गावातील मुलांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुन्या नकाशांत प्लेटवर 'फे ४१०' लिहिलेले आढळते, आणि सळईवर 'फे ४१५'. दोन्ही जवळपास सारखेच वाटतात ना? पण प्लेटचा ४१० हा आकडा तुटण्याच्या ताणाचा आहे. तिची ताणमर्यादा २५०च. सळईचा ४१५ हा आकडा मात्र ताणमर्यादेचाच आहे. नाव सारखे दिसले म्हणून माल सारखा नसतो.

प्रत ठरविणे हे अभियंत्याचे काम. ती जशीच्या तशी, पूर्ण लिहिणे हे डिटेलरचे. सॉफ्टवेअरने रकान्यात आधीच भरून ठेवलेले नाव, बहुधा एस २३५ जेआरसारखे परदेशी, तसेच राहू देऊ नये. नकाशात प्रत दिली नसेल तर अंदाज बांधू नये, लेखी विचारावे. कारण त्याच यादीवरून खरेदी होते आणि मिलचे चाचणी-प्रमाणपत्र त्याच नावाशी ताडून पाहिले जाते.

विद्यार्थी मित्रहो, प्रश्नपत्रिकेत एकक लिहिले नाही तर एक गुण जातो; येथे मात्र छताखाली माणसे असतात. पालकांनो, मुलगा किंवा मुलगी "सर, हे नीट समजले नाही" असे विचारत असेल, तर त्याला दटावू नका. या व्यवसायात तीच सवय पुढे कामास येते.