विहिरीच्या पाण्यातील फ्लोराइड

पाणी नितळ आणि निर्गंध असले म्हणजे ते निर्दोषच असणार, हा आपला पिढीजात समज यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गावांत खोटा ठरला आहे. भूगर्भातील खडकांतून झिरपताना पाण्यात विरघळणारे फ्लोराइड डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. अल्प प्रमाणात ते दंतरक्षकही आहे. परंतु लिटरमागे १.५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, म्हणजे ज्या बालकांचे कायमचे दात अद्याप घडत असतात त्यांच्या दंतवल्कावर पांढरे, तपकिरी डाग उमटतात, आणि पुढे प्रौढ वयात स्नायुबंध कठीण होऊन, सांधे आखडून, पाठीचा कणा असा ताठरतो की भर उमेदीतल्या शेतकऱ्याला वाकून पेरणीही करवत नाही. १९३७ साली मद्रास इलाख्यात या विकाराची नोंद झाली. इतक्या जुन्या शत्रूपुढे आपण आजही गाफील असावे, ही गोष्ट मनाला फार लागते, कारण जडलेली विकृती औषधाने पूर्ववत होत नाही. पाणी उकळूनही भागत नाही. उलट ते आटते आणि फ्लोराइडचे प्रमाण वाढते. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तुरटी व चुना वापरून पाणी शुद्ध करण्याची नलगोंडा पद्धत सिद्ध केली आहे. तेव्हा ग्रामपंचायतीकडे रीतसर अर्ज करून आपल्या विंधणविहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या, आणि अहवाल हाती येईपर्यंत निदान मुलांना तरी दुसऱ्या खात्रीच्या ठिकाणचे पाणी द्या.