बर्फाचे थर आणि ज्वारीचे दाणे

श्रोतेहो, परभणीत बसून हिमालयातल्या बर्फाची गोष्ट कशाला, असे तुम्ही म्हणाल. आपल्याकडे आभाळातून पांढरे काही पडले तर त्या गारा. त्या घटकाभरात हरभऱ्याची माती करून विरघळून जातात. पण २०१७ सालच्या जानेवारीत काश्मीरच्या माछिल भागात पाच जवान बर्फाखाली दबले गेले. त्यांना जिवंत बाहेर काढले. मात्र हवा इतकी खराब, की लगेच खाली आणता आले नाही. ३० जानेवारीला श्रीनगरात त्यांनी प्राण सोडला. त्यांतला एक आपल्या जिल्ह्याचा होता. तेव्हा हा बर्फ घसरतो कसा, हे आपणही समजून घेतले पाहिजे.

डोंगरावरचा बर्फ एकसंध नसतो. दर हिमवृष्टीचा एक थर, असे थरावर थर बसतात. आता गंमत पाहा. खाली जमीन थोडी उबदार, वर हवा कडक थंड. तळची वाफ वर सरकते आणि तिथल्या बर्फाचे साखरेसारखे मोकळे, मोठे दाणे होतात. एकमेकांना धरून न राहणारे! त्यावर वाऱ्याने दाबलेला घट्ट थर बसला, की वरून सगळे ठाकठीक दिसते. मग नवा बर्फ पडतो, किंवा एखादा माणूस चालतो, आणि सबंध थर तुटून खाली येतो.

गुरुजींनी हे वर्गात करून दाखवावे. एका फळीवर ज्वारीचे दाणे पसरा, वर ओल्या वाळूचा थापलेला थर द्या, आणि फळी हळूहळू उचला. थोडा वेळ काहीच होणार नाही; मग लादीच्या लादी निसटेल. नुसती कोरडी वाळू घेतली तर ती एका जागेवरून ओघळते. बर्फाच्याही या दोनच तऱ्हा, आणि लादीची तऱ्हा जास्त घातक.

तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार सर्वांत वाईट. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साठत नाही, गळून जातो. सपाटीवर घसरत नाही. पण वरून आलेला लोंढा सपाटीवरच्या तंबूंवर येतो, हे विसरू नये. मोठ्या हिमवृष्टीनंतरचा पहिला दिवस विशेष जपण्याचा. पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला, तर खालचा थर बसला असे समजावे आणि उतार सोडावा.

दबलेल्या माणसाला शोधायला पहिली दहा-पंधरा मिनिटेच खरी. थांबलेला बर्फ आवळून घट्ट होतो, हात हलत नाही, श्वास कोंडतो. बाहेरून मदत येईपर्यंत उशीर होतो. म्हणून सोबत्यांनीच फावडे घेऊन खणायचे असते. म्हणून अशा उतारावरून एकेकाने जायचे, बाकीच्यांनी त्याच्यावर नजर ठेवायची. केदारनाथ, अमरनाथला जाणाऱ्यांनीही वाटेत बर्फाचा उतार लागला, तर तेथील जवानांनी थांबा म्हटल्यावर घाई करू नये.

आणि गुरुजी, प्रयोगातली ज्वारी वाळवून, चाळून परत डब्यात भरा.