माळ्यावरचा पॅड



कविता लिहिणाऱ्या माणसाने आकाशवाणीवरून कॉम्प्युटर गेमविषयी बोलावे, याचे तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटते. खेळ म्हणजे मैदानावरचा, आणि पडद्यावरचा खेळ म्हणजे वेळेची नासाडी, असे मानणाऱ्यांतला मी. तरी आज मी बोलणार आहे ते टीव्हीवर खेळायच्या गेमच्या यंत्राला जो दोन्ही हातांत धरायचा कंट्रोलर असतो, त्याविषयी. आपल्याकडे कोणी त्याला जॉयस्टिक म्हणते, कोणी रिमोट. मुले पॅड म्हणतात. हा पॅड कॉम्प्युटरला जोडता येतो, एवढेच सांगायचे असते तर दोन मिनिटे पुरली असती. पण त्याच्याशी माझी स्वतःची एक चूक जोडलेली आहे. तीही सांगितली पाहिजे.

२०१० साली मुलाच्या हट्टापायी मी जुना प्लेस्टेशन-टू विकत घेतला. यंत्र एक आणि पॅड दोन. सांगलीतल्या आमच्या घरात संध्याकाळ झाली की पोरांचा गलका सुरू व्हायचा. २०१३ मध्ये मुलगा दहावीला गेला आणि एका चाचणी परीक्षेत त्याला कमी गुण पडले. मी रागाच्या भरात दोन्ही पॅड काढून घेतले, लोखंडी पेटीत टाकले, कुलूप लावले आणि पेटी माळ्यावर चढवली. "दहावी झाली की देतो," म्हणालो. दहावी झाली, बारावी झाली, मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. मी पॅड दिले नाहीत आणि त्यानेही पुन्हा मागितले नाहीत. आमचे बोलणे त्या वर्षापासून कामापुरते झाले. ते कशाने झाले हे त्याला ठाऊक होते, आणि मलाही.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. नदीच्या बाजूच्या आमच्या घरात छातीएवढे पाणी आले. टीव्ही गेला, शोकेसमधला प्लेस्टेशन गेला, माझ्या दोन वह्याही गेल्या. माळा तेवढा वाचला. म्हणजे जे मी मुलापासून हिरावून घेतले होते, तेवढेच सुखरूप राहिले.

माझी थोरली बहीण साताऱ्यात राहते. आम्ही तिला आपा म्हणतो. २०२३ मध्ये बकरी ईदच्या आधी तिचा धाकटा मुलगा नात्यातल्या एका घरी बकऱ्यांसाठी वैरण तोडायला बसला होता. विजेवर चालणारी कडबाकुट्टी. वैरण आत ओढणारे रूळ असतात ना, त्यांनी पेंडीबरोबर डावा हात ओढला. शेजारच्याने बटण बंद केले म्हणून पंजा वाचला. पण तर्जनी, मधले बोट आणि अनामिका ही तीन बोटे गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. या यंत्राच्या तोंडावरचे संरक्षक झाकण अडचण होते म्हणून पुष्कळ ठिकाणी काढून ठेवलेले असते. ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या गोठ्यात तसे असेल, तर हे भाषण संपायच्या आत उठून ते बसवा.

पोरगा तेव्हा एकोणीस वर्षांचा. जखम भरली, पण त्याचा डावा हात कायम पँटच्या खिशात. टायपिंगच्या परीक्षेची तयारी चालली होती, ती सुटली. मित्र घरी यायचे बंद झाले. आधी हे सगळे रोज रात्री कॉम्प्युटरवर गेम खेळत. आता ते कसे जमणार? कीबोर्डवर खेळताना उजवा हात माउसवर असतो आणि डाव्या हाताची तीन बोटे डब्ल्यू, ए, एस आणि डी या चार अक्षरांवर. पुढे, डावीकडे, मागे, उजवीकडे. ती तीन बोटे म्हणजे नेमकी तर्जनी, मधले आणि अनामिका. कडबाकुट्टीने नेमकी तीच नेली होती.

एकदा मी साताऱ्याला गेलो असताना तो पडद्यावर दुसऱ्यांचे सामने नुसते बघत बसला होता. मी सहज विचारले, "का रे, खेळत नाहीस?" तो म्हणाला, "मामू, बोटं लागतात त्याला. अंगठ्यानं काय होतंय?" परतीच्या एसटीत मला ते वाक्य सोडेना. कारण माझा मुलगा तासन् तास खेळायचा ते मी पाहिले होते. त्याची बोटे पॅडच्या मागे असत आणि सगळी धावपळ करीत तो डावा अंगठा. घरी पोचलो, शिडी लावली आणि दहा वर्षांपूर्वीचे कुलूप हातोडीने तोडले. किल्ली पुरात गेली होती.

पुढच्या रविवारी पॅड घेऊन मी साताऱ्यात हजर. आपा म्हणाली, "हात गेला तरी खेळ सुटंना, आणि तू त्याला खेळणी आणून देतोस? आणि टीव्हीचा रिमोट कॉम्प्युटरला कशाला?"

तिच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला नंतर वाचनात मिळाले. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-वन नावाच्या कॉम्प्युटरवर 'स्पेसवॉर' हा अवकाशयानांच्या लढाईचा गेम तयार केला. तो खेळायचा म्हणजे यंत्राच्या दर्शनी पट्टीवरचे खटके दाबावे लागत. खेळणाऱ्यांची कोपरे अवघडून जात. तेव्हा ॲलन कोटोक आणि बॉब सॉन्डर्स या दोघांनी सुटे भाग जमवून हाताशी ठेवता येतील अशा खटक्यांच्या पेट्या बनवल्या. आजच्या पॅडचा हा एक पूर्वज. तो टीव्हीच्या नव्हे, कॉम्प्युटरच्याच घरात जन्मला, आणि जन्मला तो दुखणाऱ्या हातांसाठी.

आमच्या पॅडला मात्र या घरात प्रवेश मिळायला त्रास झाला. प्लेस्टेशन-टूचा प्लग रुंद आणि चपटा. तो कॉम्प्युटरच्या यूएसबी खाचेत बसत नाही. पोवई नाक्याजवळच्या एका दुकानात जोडणी मिळाली, एका बाजूला जुना प्लग बसणारी, दुसऱ्या बाजूला यूएसबी. ती लावली तेव्हा कॉम्प्युटरने पडद्यावर आकड्यांचे लाल ठिपके दाखवले. पॅडवरचे बटण दाबले की त्याचा ठिपका पेटायचा. एकेक ठिपका पेटत गेला तसा पोरगा खुर्ची पुढे ओढत गेला.

पण गेम सुरू केला तर पॅड मुका. त्याचे कारण गमतीचे आहे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स-३६० या यंत्राचा पॅड २००५ मध्ये आला, तो सरळ यूएसबीचा होता. पुढे कॉम्प्युटरवरचे बहुतेक गेम त्याचीच भाषा बोलू लागले. दुसऱ्या घराण्याचा पॅड लावला तर मध्ये दुभाषा लागतो. 'स्टीम' या गेम विकणाऱ्या प्रणालीत तो दुभाषा आता आयता मिळतो. ती एकेक बटण दाबायला सांगते, आपण दाबायचे, ती लक्षात ठेवते. मग जुना पॅड गेमला एक्सबॉक्सचा पॅड वाटू लागतो.

तरी चिन्हांचा गोंधळ राहतोच. एक्सबॉक्सच्या बटणांवर ए, बी, एक्स, वाय ही अक्षरे. प्लेस्टेशनवर त्रिकोण, चौकोन, गोल आणि फुली. पडद्यावर येते 'एक्स दाबा', आणि पोरगा सवयीने फुली दाबतो. पण एक्सबॉक्सचे एक्स डावीकडे असते, प्लेस्टेशनची फुली खाली. जपानमध्ये तर कित्येक वर्षे गोल म्हणजे 'होय' आणि फुली म्हणजे 'नको' होते. बाहेरच्या देशांत बहुतेक गेममध्ये बरोबर उलटे. मी त्याला म्हणालो, "अरे, मी सकाळी मदरशात उजवीकडून डावीकडे वाचायचो आणि दुपारी शाळेत डावीकडून उजवीकडे. पंधरा दिवस चुकलो, मग हातच शिकला." त्याचा हात चार दिवसांत शिकला.

आता खरा मुद्दा. कीबोर्ड आणि पॅड यांतला फरक मला समजला तो मिरजेमुळे. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे देशभर जातात. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. सतारीवर तार ओढून एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाता येते, तिला आपण मींड म्हणतो. पेटीवर ती निघत नाही. पट्टी दाबली की स्वर, सोडली की शांतता. मधले काही नाही. याच तक्रारीपायी १९४० साली रेडिओवर पेटीला बंदी झाली होती. ती १९७१ मध्ये सैल झाली. कीबोर्ड हा पेटीसारखा. अक्षर दाबले की माणूस धावला, सोडले की थांबला. पॅडवरच्या अंगठ्याच्या काठीला मात्र मींड आहे. आमच्या जुन्या पॅडची काठी आडव्या आणि उभ्या दिशेला ० ते २५५ असे आकडे पाठवते, मधोमध सोडली की १२८ च्या आसपास. जरा ढकलली तर माणूस चालतो, अजून ढकलली तर पळतो, आणि दिशाही चारच नव्हेत. हे सारे एका अंगठ्यात.

म्हणून पॅड सगळ्यात श्रेष्ठ असे मी म्हणणार नाही. नेम धरून गोळी मारायच्या गेममध्ये माउसच वरचढ. तेथे पॅडवाल्यांना पुष्कळदा गेमच नेम धरायला थोडी मदत करतो. पण फुटबॉल, मोटारींची शर्यत, उड्या मारत जायचे गेम यांत पॅडची बरोबरी कीबोर्डला सहसा साधत नाही.

आमच्यापुढे दोन अडचणी उरल्या. पहिली म्हणजे काठी जुनी. हात लावला नाही तरी पडद्यावरचा खेळाडू हळूहळू डावीकडे सरकायचा. त्यावर उपाय म्हणजे मधल्या भागात थोडी जागा 'बहिरी' ठेवणे. काठी तेवढ्या हद्दीत हलली तर कॉम्प्युटरने ऐकलेच नाही असे करायचे. घरात थोरल्यांनीही अशी थोडी बहिरी जागा ठेवावी, असे मला तेव्हा वाटून गेले. मुलाच्या एका चाचणीचे गुण त्या जागेत मावले असते.

दुसरी अडचण मोठी. पॅडच्या वरच्या कडेला डावीकडची दोन बटणे असतात ती तर्जनीची. तर्जनी नाही. फुटबॉलमध्ये त्यांतल्या एका बटणाने आपण ज्याला पळवतो तो खेळाडू बदलतो, त्याशिवाय बचाव अशक्य. पण डावी काठी ढकलता येते तशी आत दाबताही येते. पोराने ते काम दुभाष्याकरवी काठीच्या दाबावर आणले. तळवा आणि करंगळीने पॅड पेलायचा, अंगठ्याने काठी फिरवायची आणि तिनेच दाबायचे. उरलेले उजव्या हाताकडे. हे मी सुचवले नाही, दुकानदारानेही नाही. त्याचे त्याने शोधले. पुढे कळले की मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आणि सोनीने २०२३ मध्ये अपंगांसाठी खास कंट्रोलर काढले आहेत. ज्यांना बोटांची हालचाल याहून कठीण आहे, त्यांच्या घरच्यांना हे माहीत असावे म्हणून सांगतो.

पहिल्या सामन्यात त्याने मला सहा गोलांनी हरवले. मला खेळता येत नाही, हे खरे. पण तो तास दीड तास त्याचा डावा हात टेबलावर होता, उजेडात, माझ्यासमोर. आपा चहा घेऊन आली, बघत उभी राहिली आणि काही न बोलता कप ठेवून गेली. नंतर मित्र येऊ लागले. त्यांतल्या एकाने त्याचा हात निरखून विचारले, "तू खेळाडू बदलतोस कशानं?" अपघातानंतर त्या हाताबद्दल दया न दाखवता कोणी विचारलेला हा पहिला प्रश्न असेल.

चमत्कार झाला असे समजू नका. टायपिंग तो सात बोटांनी पुन्हा शिकतो आहे, परीक्षेला लागणारा वेग अजून आलेला नाही. रात्री दुखते. पण हात खिशातून बाहेर आला आहे, आणि जो हात खिशात आहे त्याला काहीच शिकवता येत नाही.

एकदा पुण्याहून मुलाचा फोन आला. भाच्याने त्याला सगळे सांगितले होते. दोघे आता रात्री इंटरनेटवरून एकमेकांशी खेळतात, माझा मुलगा कीबोर्डवर आणि म्हणून हरतो. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तो म्हणाला, "अब्बा, पॅड दोन होते ना? दुसरा कुठंय?"

मी म्हणालो, "आहे. पुसून ठेवलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो कुरियरने पाठवला. सोबत जोडणीही पाठवली, पुण्यात शोधत बसायला नको म्हणून. पाकिटात चिठ्ठी घालावी असे वाटले. बराच वेळ कागद घेऊन बसलो आणि शेवटी एवढेच लिहिले : 'दहावी झाली.'