माल कोठवर आला?
(महोत्सवी सभेतील व्याख्यानाचा मजकूर)



अशा प्रसंगी संतवाङ्मय, इतिहास किंवा आरोग्य यांवर बोलण्याची प्रथा आहे. मी मालवाहतुकीचा विषय घेतला, याचे काहींना नवल वाटेल. परंतु मुरार आणि लष्करातील आपल्या कित्येक घरांतली माणसे कारखान्यांत, गोदामांत व वाहतुकीच्या पेढ्यांत काम करतात आणि कित्येकांची मुलेमुली पुण्या-बंगळूरला जाऊन याच व्यवहाराची सॉफ्टवेअर रचतात. निघालेला माल या घटकेस कोठे आहे, हे चालू वेळी कळावे म्हणून व्यवस्था कशी लावावी, हा त्यांच्या रोजच्या भाकरीशी जडलेला प्रश्न आहे.

आपल्या वडीलधाऱ्यांना बिल्टी ठाऊक आहे. माल ट्रकवर चढला की ट्रान्सपोर्टवाला बिल्टी फाडून देई. ती टपालाने जाई. आणि पलीकडच्या आडत्याची तार किंवा कार्ड आले म्हणजे जीव भांड्यात पडे. मधले चार-सहा दिवस सारा कारभार अंदाजाचा. आज तो अंधार दूर करता येतो. मात्र बाजारातून यंत्र आणून गाडीत बसवले आणि पडद्यावर ठिपका हलू लागला, म्हणजे काम झाले, असे समजणारे फसतात.

पहिली गोष्ट नावाची. ज्याचा माग काढायचा त्याला एकच, न बदलणारी खूण हवी. मुंबईचे डबेवाले शंभराहून अधिक वर्षे हेच करीत आले आहेत. झाकणावरच्या दोन-चार अक्षरांत व आकड्यांत उतरण्याचे स्टेशन, इमारत, मजला सारे सामावते. जहाजावरच्या कंटेनरलाही चार अक्षरे व सात अंक असा क्रमांक असतो. त्यातील शेवटचा अंक आधीच्या अक्षरांवरून व अंकांवरून गणिताने काढलेला असतो, म्हणून लिहिताना चूक झाली तर ती बहुधा तेथेच पकडली जाते. आपल्या कारखान्यात मात्र विक्रीखात्याचा क्रमांक एक, गोदामाचा दुसरा, बिल्टीचा तिसरा आणि गाडीचा चौथा असतो. या चारांची सांगड सॉफ्टवेअरमध्ये आधी घालावी लागते. ती घातली नाही तर गाडी सापडते, पण तिच्यात कोणाचा माल आहे ते सापडत नाही.

दुसरी गोष्ट टप्प्यांची. माल भरला, फाटकातून निघाला, अमुक नाका ओलांडला, पोचला, उतरवला, सही झाली, असे सहा-आठ टप्पे ठरवावेत आणि प्रत्येकाची नोंद कोण करणार हेही ठरवावे. काही नोंदी आपोआप होतात. १६ फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरील टोलनाक्यांवर फास्टॅगची सक्ती झाली. त्याची रेडिओ-चिठ्ठी नाक्यावर वाचली जाते. कंटेनरवर अशीच चिठ्ठी लावून माग काढण्याचे काम जवाहरलाल नेहरू बंदरात २०१६ साली सुरू झाले. पुढे १७ सप्टेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने निरनिराळ्या खात्यांची अशी माहिती एकत्र मिळावी म्हणून एक सामायिक व्यासपीठ खुले केले. परंतु माल भिजला, चार खोकी कमी भरली, ही नोंद माणसालाच करावी लागते.

तिसरी गोष्ट ठिकाण कळण्याची. उपग्रह वरून आपल्या गाडीकडे पाहत असतात, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः उपग्रह केवळ आपली जागा आणि अचूक वेळ यांचा पुकारा करीत असतात. गाडीतील यंत्र निदान चार उपग्रहांचे पुकारे ऐकते, ते येण्यास लागलेल्या वेळावरून स्वतःची जागा काढते आणि मोबाईलच्या जाळ्यातून कार्यालयाला कळवते. आता चंबळच्या बीहडात किंवा शिवपुरीच्या रानात मोबाईलचे जाळे तुटले तर काय? चांगले यंत्र त्या नोंदी पोटात साठवून ठेवते व जाळे मिळताच पाठवते. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये दोन वेळा निरनिराळ्या लिहाव्या लागतात: घटना घडल्याची एक व कळल्याची दुसरी. हा भेद ठेवला नाही तर चालत्या गाडीवर थांबल्याचा आळ येतो.

गाडी पोचली हे ओळखण्यासाठी नकाशावर गोदामाभोवती कल्पित कुंपण आखतात. ते फार लहान आखले तर फाटकाबाहेर रांगेत उभी असलेली गाडी पोचलीच नाही असे दिसते. फार मोठे आखले तर चालक समोरच्या ढाब्यावर जेवत असतानाच माल पोचल्याचा निरोप गिऱ्हाइकाला जातो. हे मोजमाप कार्यालयात बसून होत नाही. एकदा त्या फाटकाशी जाऊन उभे राहावे लागते.

आता उदाहरण घेऊ. गोले का मंदिरावरून भिंडच्या रस्त्याला लागले की मालनपूर येते. तेथे चॉकलेट, साबण, टायरचा धागा असे नाना जिन्नस तयार होतात. समजा, मे महिन्यात तेथून चॉकलेट भरून गाडी मुंबईकडे निघाली. ग्वाल्हेरचा उन्हाळा आपणांस सांगायला नको. येथे गाडी कोठे आहे एवढे कळून भागत नाही. आतील उष्णता किती, हेही कळावे लागते. नुसत्या ठिपक्याने वितळलेला माल वेळेवर पोचल्याचे समाधान तेवढे मिळेल! शिवाय ई-वे बिलाला मुदत असते. साधारण मालाला १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरमागे एक दिवस असा हिशेब झाला. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत चढवला, तर नव्या गाडीचा क्रमांक ई-वे बिलात आणि आपल्या सॉफ्टवेअरमध्येही भरावा लागतो. नाहीतर आपण गॅरेजात उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीचा माग काढीत बसतो.

चौथी गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. ऑगस्ट २०२१ मधील सिंध नदीचा पूर आपल्या स्मरणात असेल. दतिया जिल्ह्यातले पूल वाहून गेले. नकाशाला पूल पडल्याचे आपोआप कळत नाही. तो जुन्याच रस्त्याने पोचण्याची वेळ सांगत राहतो. अशा वेळी कार्यालयातील कोणी तरी जागे असावे लागते. म्हणून प्रत्येक हालचालीचा निरोप सर्वांना पाठवू नये. दिवसाला दोनशे निरोप आले की माणूस एकही वाचत नाही. ठरलेल्या बेतापासून गाडी ढळली तरच इशारा द्यावा, तो एका नेमलेल्या माणसाकडे जावा, आणि त्याने काय करायचे हे आधी लिहिलेले असावे. ज्या इशाऱ्यावर कोणी उठत नाही, तो देण्यासाठी पैसे खर्चू नयेत.

शेवटी चालकाविषयी बोलतो, कारण व्यवस्था टिकणार की मोडणार हे त्याच्यावर आहे. मालाचा माग म्हणता म्हणता आपण एका माणसाचा माग काढीत असतो. तो कोठे थांबला, किती वेळ झोपला, हे सारे पडद्यावर येते. त्याचा उपयोग केवळ त्याला फटकारण्यासाठी झाला तर एके दिवशी यंत्राची तार 'आपोआप' निघते, आणि तीत आश्चर्य मानू नये. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास कामाची मर्यादा घातली होती. पोचण्याची वेळ काढताना विश्रांतीचे तास धरले नाहीत, तर ते गणित त्याला न झोपता गाडी हाकायला लावते. आणि रात्रीच्या घाटात त्याचा परिणाम काय होतो, हे सांगण्याची गरज नाही. म्हणून यंत्र बसवण्यापूर्वी चालकाला बोलावून त्याच्या भाषेत सांगावे: काय नोंदले जाईल, कोण पाहील, आणि माल उतरल्यावर हे पाहणे कधी थांबेल. त्याच नोंदींच्या आधारे फाटकावर फुकट गेलेल्या तासांचा मोबदलाही त्याला मिळवून द्यावा. मग तोच आपला सर्वांत चांगला वार्ताहर होतो.

ज्या तरुणांना हे काम करायचे आहे, त्यांना एवढेच सुचवतो की, एकदम शंभर गाड्या घेऊ नका. एक रस्ता, पाच गाड्या, एक महिना. रोज संध्याकाळी पडद्यावरची नोंद आणि सहीची पोच समोरासमोर ठेवा. जेथे दोन्ही जुळत नाहीत, तेथे कोणाला दोष न देता कारण शोधा. महिन्याअखेर कोणता टप्पा लटका आहे, ते तुमचे तुम्हालाच दिसेल.

आपल्या न्यासाच्या कामालाही यातील तत्त्व परके नाही. देणगीदाराचा रुपया निघाला कोठून व पोचला कोठे, हे विचारताच सांगता यावे, यावरच संस्थेची पत उभी असते. पुढे कधी पूरग्रस्तांसाठी धान्य वा कांबळी पाठवण्याची वेळ आली, तर आपल्यातील या जाणत्या मुलामुलींना अवश्य हाक मारावी. पलीकडे वाट पाहणाऱ्या घराला "उद्या दुपारी पोचेल" असे खात्रीने सांगता येणे, ही देखील एक सेवाच आहे.