ट्रे कोणाच्या हातात?

आम्ही पुण्यातल्या नऊजणी. कुणी सॉफ्टवेअर बनवतं, कुणी हिशेब लिहितं, एक वकील आहे. गेल्या वर्षी आम्ही आयटी कंपन्यांचे मोठे अधिकारी आणि नव्या उद्योगांत पैसे घालणारे गुंतवणूकदार यांना एका संध्याकाळी बोलावलं. याला नेटवर्किंग म्हणतात. म्हणजे उभ्या उभ्या ओळखी करून घ्यायच्या. गुंतवणूकदार तिथे चेक फाडत नाही. फार तर म्हणतो, "पुढच्या आठवड्यात या, बोलू." त्या एका वाक्यासाठी सगळा खटाटोप.

पहिल्यांदा आमचं पार फसलं. वेळ ठेवली रात्री आठची, जागा गावात. हिंजवडीहून संध्याकाळी निघालेली गाडी कधी पोचते ते तुम्हाला ठाऊकच आहे! माणसं नऊला आली आणि थेट जेवायला बसली. गोल टेबलं मांडलेली, त्यामुळे एका कंपनीतले लोक एकाच टेबलावर. ऑफिसमध्ये जे बोलतात तेच इथे बोलले.

आणि आम्ही? आम्ही वाढत होतो. आमच्यातल्या एकीने दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर केलंय. दुधाचे लिटर, फॅट, एसएनएफ यांवरून दहा दिवसांचं बिल काढून देतं. तिच्या हातात एका पाहुण्याने रिकामा कप दिला. तिने तो मुकाट्याने घेतला आणि आत नेऊन ठेवला. ज्या माणसाला भेटायला तिने महिनाभर तयारी केली होती, तोच हा. घरी जाताना रिक्षात कुणीच बोललं नाही.

त्याला तरी काय म्हणायचं? दारात आम्ही, हातात ट्रे. छातीवरचं नाव इतकं बारीक की चष्म्याशिवाय वाचता येऊ नये. (तरी वाचायला काय हरकत होती, असं आम्हाला अजून वाटतं.)

दुसऱ्या खेपेला फेब्रुवारीत, बाणेरला, पाच ते साडेसात. खुर्च्या काढल्या, वयस्कर मंडळींसाठी चार भिंतीकडे ठेवल्या. नाव ठसठशीत, खाली हुद्दा नाही तर काम, एका ओळीत. बिल्ला उजव्या बाजूला, कारण हात मिळवताना नजर तिकडे जाते. खाणं एका घासाचं, एका हाताने खाता येईल असं: कोथिंबीर वडी, ढोकळा. रस्सा नाही, तेलकट बोटं होतील असा चिवडाही नाही. आणि ट्रे दोघींच्या नवऱ्यांकडे आणि एकीच्या कॉलेजातल्या मुलाकडे. एका सासूबाईंना ते फारसं रुचलं नाही. पण इस्त्रीचे शर्ट त्यांनीच काढून दिले.

राहिली ओळख करून देण्याची गोष्ट. ती आम्हाला हळदीकुंकवाने शिकवली आहे. आलेल्या बाईला कोपऱ्यात बसू द्यायचं नाही, "अगं, या तुझ्या माहेरच्या गावच्या" म्हणून दुसरीशी जोडून द्यायचं. पंचेचाळीस पाहुणे होते, प्रत्येकीच्या वाट्याला पाच. कोण काय करतं, कशात पैसे घालतं, हे आधी पाठ केलं. नुसतं "हे अमुक, त्या तमुक" म्हटलं की दोघंही हसून निघून जातात. "यांचं बालपण दूधवाल्या गावात गेलं, आणि ही केंद्रांचं बिल करते," असं म्हटलं की थांबतात.

ते गृहस्थ थांबले. विचारलं, "केंद्रावरचा माणूस फॅटचा आकडा बदलतो, ते कसं रोखता?" ती म्हणाली, "यंत्रावरचा आकडा हाताने लिहायचाच नाही. तो सरळ नोंदीत जातो आणि शेतकऱ्याला तिथल्या तिथे मेसेज मिळतो." वीस मिनिटं चाललं त्यांचं. चहा गार झाला. शेवटी ते म्हणाले, "या, बोलू."

त्यानंतर दोन बैठका झाल्या. अशा गुंतवणुकीवर 2012 पासून एंजल टॅक्सची टांगती तलवार असायची, 2024 च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला. तेवढी एक काळजी मिटली. पण गाडी हिश्श्यावर अडली आहे. त्यांना वीस टक्के हवेत, तिला बाराच्या वर द्यायचे नाहीत. घरचे म्हणतात, दे आणि मोकळी हो. आमची वकील म्हणते, थांब. मंगळवारी तिसरी बैठक आहे. आम्ही दोघी तिच्याबरोबर जाणार आहोत, चहा तिथले लोक आणतील.